ऐंशीच्या दशकातील गाण्यांना उत्तर देऊ इच्छिणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरमधील आमच्या चाळीच्या गच्चीवर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता १९८० ते १९८९ या काळातील गाण्यांच्या कॅसेट लावल्या जातात, आणि प्रत्येक गाणे संपले की उपस्थितांपैकी कोणीतरी उभे राहून त्या गाण्यातील एखाद्या विधानाला, प्रश्नाला किंवा धमकीला रीतसर उत्तर देतो. नव्याने येणारी मंडळी जिना चढतानाच तेच ते प्रश्न विचारतात, आणि चौथ्या मजल्यापर्यंत बोलत बोलत चढणे आता माझ्या गुडघ्यांना मानवत नाही, म्हणून ही उत्तरे एकदाची लिहून ठेवीत आहे.

गाण्याला उत्तर देणे म्हणजे विडंबन का?

नाही. विडंबन करणारा मूळ चाल घेऊन तिच्यावर आपले शब्द बसवतो आणि त्यासाठी अंगात थोडेफार कवित्व असावे लागते. उत्तर देणाऱ्याला ते लागत नाही. त्याला केवळ गाणे खरे मानावे लागते. गायक जर म्हणत असेल की मी तुझ्यासाठी अमुक करीन, तर ते करायचे त्याने खरोखरच ठरवले आहे असे धरून चालायचे आणि अंतर किती, खर्च किती, रजा मिळाली आहे का, घरी विचारले आहे का, एवढे शांतपणे विचारायचे.

ही रीत आम्ही शोधून काढलेली नाही. कलगीवाल्यांनी सवाल टाकायचा आणि तुरेवाल्यांनी डफावर थाप मारून त्याचा जवाब द्यायचा, हा खेळ आपल्याकडे शाहिरांच्या काळापासून चालत आलेला आहे. कलगी शक्तीला थोर मानणार, तुरा शिवाला, आणि रात्र सरली तरी वाद मिटणार नाही, पण सवाल अनुत्तरित राहिला तर फडाची अब्रू गेलीच म्हणून समजावे. ऐंशीच्या दशकातील परदेशी गायकांनी मात्र आपल्या घराघरांत येऊन शेकड्याने सवाल टाकले आणि जवाबाची वाट न पाहता ते निघून गेले. लायनेल रिची १९८४ सालापासून 'हॅलो' म्हणून, तू शोधते आहेस तो मीच का, असे विचारीत आहे आणि त्याला कोणीही 'राँग नंबर' एवढेसुद्धा सांगितलेले नाही. ही थकबाकी फेडणे, एवढाच आमच्या बैठकीचा हेतू आहे.

ऐंशीचेच दशक का?

कारण त्या दशकातील गाणी आम्हांला नको इतकी पाठ आहेत. कॅसेट हा प्रकार फिलिप्स कंपनीने १९६३ सालीच आणला होता, पण आमच्यासारख्या घरांत टू-इन-वन येईपर्यंत ऐंशीचे दशक उजाडले. आमच्या घरी एकूण सात कॅसेट होत्या. त्यांपैकी दोन अभंगांच्या, एक आरत्यांची आणि एक मामाच्या लग्नाची होती, तेव्हा उरलेल्या तिनांवर संपूर्ण तारुण्य काढावे लागले. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते, म्हणजे एका बाजूच्या अर्ध्या तासासाठी सुमारे ८६ मीटर फीत लागते. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी ती थोडी उरेल. त्या ८६ मीटरांतले नावडते गाणे वगळायचे तर बटण दाबून अंदाजाने फीत पुढे पळवावी लागे, आणि अंदाज चुकला की आवडते गाणेही अर्धे निसटे. त्यामुळे सगळेच ऐकले जाई. जे दोनशे वेळा ऐकले, त्यातल्या शब्दांवर दोनशे एकाव्या वेळी मनुष्य उलट बोलणारच.

ज्यांना इंग्रजी नीट कळत नव्हते, त्यांनी या गाण्यांना उत्तर कसे द्यावे?

जसे ऐकू आले तसे. माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे, जिच्यावर शाळेचे नाव खोडून 'इंग्लिश गाणी' असे लिहिलेले आहे आणि जिच्यात ती सगळी गाणी देवनागरीत, कानाला लागतील तशी उतरवलेली आहेत. पुठ्ठ्याची कड वाळवीने खाल्ली आहे, पण आतली निळी शाई अजून शाबूत आहे. टेपरेकॉर्डरचे 'पॉझ' बटण दाबून धरायचे, ऐकलेले चार शब्द लिहायचे, पुन्हा सोडायचे, अशा रीतीने एका गाण्याला एक दुपार लागत असे, आणि दुपारी झोपणारे आजोबा तेच चार शब्द वीस वेळा ऐकून शेवटी स्वतःच ते गुणगुणू लागत.

या वहीच्या नवव्या पानावर 'केअरलेस व्हिस्पर' हे १९८४ चे गाणे आहे. जॉर्ज मायकल त्यात म्हणतो की अपराधी पावलांना ताल उरत नाही, म्हणजे 'गिल्टी फीट'. वहीत मात्र स्वच्छ अक्षरांत 'किती फीट' असे लिहिलेले आहे, आणि समासात माझ्या धाकट्या भावाने पेन्सिलीने उत्तरही दिलेले आहे : 'दोनच'. आमच्या बैठकीचा उगम शोधायचाच झाला तर तो या एका शब्दात आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारा आतेभाऊ दिवाळीत आला असता त्याने चूक दाखवून दिली, परंतु पावले अपराधी असण्यापेक्षा ती किती आहेत हा प्रश्न अधिक सयुक्तिक आहे, असे बहुमताने ठरले.

मॉडर्न टॉकिंग या जर्मन जोडीचे १९८४ चे गाणे प्रेयसीला आपले हृदय आणि आपला 'सोल' म्हणते. सोल म्हणजे चपलेचा, एवढेच आम्हांला माहीत होते. प्रेमात पडलेल्या माणसाने प्रेयसीला चपलेचा तळ म्हणावे हे वरवर अपमानास्पद वाटते, पण ज्याने पावसाळ्यात परळच्या पुलावर सोल निघालेली चप्पल हातात धरून घर गाठले आहे, त्याला या उपमेतील आर्तता कळेल.

हिंदीतही असे घडे. 'कुर्बानी' या १९८० च्या चित्रपटात नाझिया हसन हिने बिद्दूच्या चालीवर म्हटलेले गाणे प्रसिद्धच आहे. त्यातील 'बात बन जाए' हे शब्द अनेक घरांत 'बाप बन जाए' असे ऐकले गेले आणि आमच्या आजीने ते तसे ऐकून टेपरेकॉर्डरवर टॉवेल टाकला. तिचे उत्तर अजून बैठकीत दिले जाते : 'आधी लग्न ठरू दे, मग पुढचे बघू.'

'द फायनल काउंटडाऊन' या गाण्याला विज्ञानाच्या शिक्षकांनी दिलेले उत्तर काय होते?

युरोप या स्वीडनच्या बँडचे हे १९८६ चे गाणे आहे, आणि तुतारीसारख्या त्या सुरुवातीच्या सुरावटीमुळे ते आजही लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेवाच्या प्रवेशासाठी वाजवले जाते. त्यात मंडळी पृथ्वी सोडून शुक्राकडे निघाली आहेत आणि अजून पुष्कळ प्रकाशवर्षे जायचे आहे, अशी तक्रार करीत आहेत. आमच्या बैठकीतील एक निवृत्त विज्ञान शिक्षक यावर खडू नसताही खडू धरल्यासारखा हात करून उभे राहिले. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा तो सुमारे चार कोटी किलोमीटरवर असतो, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर त्याला सव्वादोन मिनिटांचे आहे. 'दादरहून माटुंग्याला जाणारा माणूस प्रकाशवर्षांची भाषा करीत नाही,' असे म्हणून ते खाली बसले. यावर कोणीतरी, गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली तर तो करतो, असा जवाब दिला आणि तो मान्य करावा लागला.

'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू' हे गाणे तुमच्याकडे वर्ज्य आहे, हे खरे का?

वर्ज्य नाही, पण ते लागले की ज्येष्ठ मंडळी अस्वस्थ होतात, आणि त्याचे कारण समजून घ्यायला हवे. स्टीव्ही वंडरच्या या १९८४ च्या गाण्याला सर्वोत्तम गीताचे ऑस्करही मिळाले आहे. त्याचा आशय असा की आज सण नाही, वार नाही, नवे वर्ष नाही, काही विशेष नाही, तरी मी केवळ तुझ्यावर प्रेम आहे हे सांगायला फोन केला.

त्या वर्षी आमच्या चार मजल्यांत मिळून एक फोन होता. तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे, लोकरीचे कव्हर घातलेला, लाकडी फळीवर ठेवलेला असे, आणि चाळीतील प्रत्येक माणसाच्या कार्डावर त्याच क्रमांकापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरे छापलेली असत. फोन मागून तो मिळेपर्यंत मुलगा शाळेतून कॉलेजात जाई, तेव्हा शेजाऱ्याचा फोन हाच आपला फोन असे मानण्याचा प्रघात होता. अशा फोनवर काहीही कारण नसताना कोणी फोन केला तर काय घडेल, हे उघड आहे. काकू आधी हातातील पोळी तव्यावरून उतरवतील, गॅलरीत येऊन हाक मारतील, हाक ऐकून तिन्ही मजल्यांवरची दारे उघडतील, मुलगी पायऱ्या उतरून येईपर्यंत काकू पलीकडच्या माणसाची जात, गाव व नोकरी यांची चौकशी करतील, आणि मुलगी येऊन पोहोचली की शेजारच्या खुर्चीवर बसून भाजी निवडू लागतील. त्यात बिनकारणाचा फोन म्हणजे कोणीतरी गेले, असाच अर्थ घेतला जाई. गाण्यात सणवार नसल्याची जी लांबलचक यादी आहे, ती ऐकता ऐकता ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येईल.

बाहेरगावचा ट्रंक कॉल असेल तर हिशेब आणखी कडक होता, कारण तो तीन मिनिटांच्या हप्त्याने मोजला जाई आणि हे गाणे चार मिनिटांहून अधिक चालते. म्हणजे प्रेम आहे हे सांगायला दुसरा हप्ता भरावा लागणार. आमच्या बैठकीत या गाण्याला सर्वमान्य झालेले उत्तर एका आजोबांचे आहे : 'पत्र टाक. पंधरा पैशांत होते.'

'डोन्ट वरी, बी हॅपी' ऐकताना भाडेकरू हसतात आणि घरमालक उठून जातात, असे का?

बॉबी मॅकफेरिनचे हे १९८८ चे गाणे केवळ तोंडाने केलेले आहे; त्यात एकही वाद्य नाही, आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले असे ते पहिलेच गाणे ठरले. त्यातील एका कडव्यात गायक सांगतो की घरमालक म्हणतो तुझे भाडे थकले आहे, आता कोर्टात जावे लागेल. तरी तू काळजी करू नकोस, आनंदात राहा.

अमेरिकेतील श्रोत्याला हा वेडेपणा वाटला असेल. मुंबईच्या पागडीवाल्या भाडेकरूला यात कायद्याचा अचूक सल्ला दिसला. ज्या वर्षी हे गाणे आले त्या वर्षी इथे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता, आणि त्या कायद्याने प्रमाणित भाडे १९४० सालच्या सप्टेंबरातील भाड्याशी बांधून ठेवले होते. १९८८ साली १९४० चे भाडे भरणाऱ्या माणसाने कशाची काळजी करावी? मालकाने लघुवाद न्यायालयात खुशाल जावे. दावा आजोबांच्या नावावर दाखल होईल, तारीख वडिलांना मिळेल आणि निकाल ऐकायला नातू डोंबिवलीहून येईल. घरमालकांची बाजूही मांडली पाहिजे म्हणून सांगतो : आमच्या बैठकीला येणारे एक मालक एकदा संतापून म्हणाले होते की, महिन्याला जेवढे भाडे येते तेवढ्यात वसुलीला येण्याजाण्याचे बसभाडेही सुटत नाही, तेव्हा हे गाणे कोणी मला उद्देशून म्हणून दाखवावे. त्या दिवशी सर्वांनी ते त्यांना उद्देशून म्हटले.

हे गाणे आमच्याकडे थोडे घरचेही मानले जाते. गाण्याचे शीर्षक असलेले वाक्य मेहेरबाबांचे आहे, आणि मॅकफेरिनने ते त्यांच्या एका भित्तिपत्रकावर वाचले होते. मेहेरबाबा १८९४ साली पुण्यात जन्मले आणि १९२५ च्या जुलैपासून १९६९ साली देह ठेवेपर्यंत त्यांनी मौन पाळले. अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि पुढे खुणांनी ते आपले म्हणणे सांगत. चव्वेचाळीस वर्षे एक शब्दही न उच्चारणाऱ्या माणसाच्या वाक्यावरून फक्त तोंडाच्या आवाजाचे गाणे व्हावे, याला आमच्यापैकी कोणालाही अजून जवाब सुचलेला नाही.

प्रेमासाठी हजार मैल चालण्याची तयारी दाखवणाऱ्यांना काय सांगावे?

द प्रोक्लेमर्स या स्कॉटलंडच्या जुळ्या भावांच्या १९८८ च्या गाण्यात पाचशे मैल चालून वर आणखी पाचशे मैल चालण्याचे वचन आहे, आणि शेवटी प्रेयसीच्या दारात कोसळून पडण्याचेही. पहिले पाचशे मैल म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. रेल्वेने मुंबई ते नागपूर ८३७ किलोमीटर आहे, तेव्हा त्यांनी वर्ध्याच्या पुढे कुठेतरी पहिला मुक्काम केला असे धरू. एकूण अंतर १६०९ किलोमीटर होते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, म्हणजे हे सहा वाऱ्यांचे काम झाले.

आमच्या चाळीतील एक वारकरी आजी या गाण्याला दर वेळी उत्तर देतात, आणि ते दर वेळी तेच असते. चालण्याबद्दल त्यांचे काही म्हणणे नाही. परंतु एवढे चालून गेल्यावर दारात पडून राहायचे म्हणजे ज्याच्या भेटीला गेलात त्यालाच उचलायला लावायचे, हे त्यांना पसंत नाही. पोहोचल्यावर आधी पाय धुवावेत.

'वेक मी अप बिफोर यू गो-गो' यात 'गो' दोनदा का?

व्हॅम या जोडीतील अँड्र्यू रिजलीने घरच्यांसाठी सकाळी उठवण्याची चिठ्ठी लिहिली, तीत चुकून 'अप' दोनदा पडले, म्हणून त्याने गंमतीने 'गो'ही दोनदा लिहिले, आणि जॉर्ज मायकलने त्यावरून १९८४ मध्ये गाणे केले. जाता जाता, हळूहळू, मधे मधे असे दिवसभर बोलणाऱ्या मराठी माणसाला यात विचारण्यासारखे काही वाटू नये.

'एव्हरी ब्रेथ यू टेक' लग्नात लावावे का?

लावू नये. द पोलीस या बँडचे हे १९८३ चे गाणे प्रेमगीत म्हणून वाजवले जाते, पण त्यात गायक तुझ्या प्रत्येक श्वासावर आणि प्रत्येक पावलावर माझी नजर आहे एवढेच सांगतो, आणि ते लिहिणाऱ्या स्टिंगनेही त्यातील पाळत ठेवणारा सूर मान्य केला आहे. हा बँड १९८० च्या मार्चमध्ये मुंबईत येऊन गेला होता. त्यांनी इथल्या चाळींच्या गॅलऱ्या पाहिल्या असाव्यात असा आमच्यातील काहींचा समज आहे, पण तो निव्वळ समज आहे. आमच्या पहिल्या मजल्यावर हे काम वाद्यवृंदाशिवाय होते.

हिंदी गाण्यांचे काय? त्यांतले शब्द तर सगळ्यांनाच कळतात.

म्हणूनच ती अधिक अवघड आहेत. 'डिस्को डान्सर' या १९८२ च्या चित्रपटातील बप्पी लाहिरींचे शीर्षकगीत घ्या. त्यात डिस्को या शब्दाची अक्षरे फोडून सांगितली आहेत : डी म्हणजे डान्स, आय म्हणजे आयटम, एस म्हणजे सिंगर, सी म्हणजे कोरस आणि ओ म्हणजे ऑर्केस्ट्रा. फ्रान्सच्या ओटावान या जोडीनेही १९७९ साली याच शब्दाची अशीच फोड केली होती, पण शेवटच्या 'ओ'पाशी पोहोचल्यावर त्यांना शब्द सुचला नाही आणि ते नुसतेच 'ओ ओ ओ' करीत राहिले. ज्या शहरात गणपतीत आणि नवरात्रात गल्लोगल्ली ऑर्केस्ट्राच्या स्टेजचे बांबू ठोकले जात, तिथल्या माणसाला 'ओ' अडणे शक्यच नव्हते. या एका अक्षरावर आमचे शहर पॅरिसच्या पुढे गेले, असे माझे ठाम मत आहे.

'तेजाब'मधील १९८८ चे आकड्यांचे गाणे हा तर स्वतंत्र विषय आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी चाल ऐकवताना वजन कळावे म्हणून तात्पुरते आकडे घातले होते आणि जावेद अख्तर यांनी ते आकडेच ठेवून गाणे लिहिले, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. चालीवर शब्द लिहिण्याचा हा व्यवसाय ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. गंमत पुढे आहे. हिंदीत तेराला तेरह म्हणतात आणि 'तेरा' म्हणजे तुझा, या श्लेषावर सगळा मुखडा उभा आहे. मराठीत तेरा म्हणजे तेराच. त्यामुळे अलका याज्ञिक 'तेरा करूं' म्हणू लागल्या की मराठी मुलाला ती बाई तेरा पुन्हा मोजते आहे असे वाटे, आणि स्नेहसंमेलनात या गाण्यावर नाचणाऱ्या आमच्या वर्गातील मुलींना गणिताच्या बाईंनी विंगेतून 'चौदा!' असे ओरडून सांगितले होते. हे मी स्वतः ऐकले आहे; मी पडदा ओढायला होतो.

'मिस्टर इंडिया'मधील 'हवा हवाई' १९८७ चे आहे. त्याच्या सुरुवातीच्या निरर्थक अक्षरांना अर्थ नसल्यामुळे उत्तर देता येत नाही, असा नियम आम्ही केला होता. पण त्यांत मोंबासा येते आणि मोंबासा हे समुद्रापलीकडचे खरेखुरे बंदर आहे, असे निदर्शनास आणून देण्यात आले. तेव्हापासून तेवढ्या एका शब्दापुरते उत्तर देण्यास मुभा आहे.

मराठी गाण्यांना सूट दिली जाते का?

मुळीच नाही. 'गंमत जंमत' या १९८७ च्या चित्रपटात किशोरकुमार यांनी अनुराधा पौडवाल यांच्यासोबत अश्विनी नावाच्या मुलीला साद घातली, आणि त्यानंतर महाराष्ट्रातील प्रत्येक अश्विनीला वर्गात, बसमध्ये आणि नळावर ती साद ऐकावी लागली. या गाण्याला उत्तर देण्याचा अधिकार आमच्याकडे केवळ त्या नावाच्या स्त्रीलाच आहे. मागील वर्षी एका बाईंनी दिलेले उत्तर असे होते की, आले असते, पण पाणी साडेपाचलाच जाते आणि पिंप अजून अर्धे भरायचे आहे. टाळ्यांमध्ये त्यांच्या सासूबाईंच्याही होत्या.

माझी जुनी कॅसेट चालत नाही. ती आणावी का?

जरूर आणावी, परंतु थेट यंत्रात घालू नये. मुंबईच्या चार पावसाळ्यांत कपाटात राहिलेल्या कॅसेटच्या फितीवर बहुधा पांढरी बुरशी धरलेली असते, खिडकीतून उजेडात धरून पाहिले की ती पावडरीसारखी दिसते, आणि ती एका कॅसेटची यंत्राच्या हेडला व तिथून पुढच्या कॅसेटला लागते. फीत सैल पडली असेल तर चक्राच्या सहा दात्यांत षटकोनी पेन्सिल घालून ती घट्ट करावी. गोल पेन्सिल नुसतीच फिरते. आतला स्पंजचा छोटा तुकडा, ज्यामुळे फीत हेडला टेकते, तो गळून पडला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि अनेक जण गायकाला दोष देतात.

वरच्या कडेच्या दोन चौकोनी चकत्या मोडलेल्या आहेत की नाहीत, हेही पाहावे. त्या मोडल्या की कॅसेटवर नवे काही भरता येत नाही. माझ्या लाडक्या कॅसेटच्या चकत्या मी मोडल्याच होत्या, पण स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला ती साफ करायला दिली असता त्याने त्या जागी चिकटपट्टी लावली आणि दुसरी बाजू कोणाच्या तरी बारशाने भरून परत दिली. 'केअरलेस व्हिस्पर'मध्ये किती फीट येऊन गेले की लगेच गोविंद घ्या, गोपाळ घ्या सुरू होते. ती कॅसेट मी अजून जपून ठेवली आहे, कारण बारसे कोणाचे होते हे कळायला हवे. ते बाळ आता चाळिशीला आले असेल.

फोनवरून गाणी लावली तर चालतील का?

नाही. फोनवर शब्द लिहून येतात आणि मग चुकीचे ऐकण्याला वाव राहत नाही.

नव्वदच्या दशकातील एखादे गाणे चालेल का? आणि बोनी एम?

नव्वदचे चालणार नाही. बोनी एमचे 'रास्पुतीन' १९७८ चे आहे हे खरे, पण ते आमच्या चाळीत कॅसेटच्या रूपाने पोहोचले तेव्हा ऐंशी उलटून गेले होते, आणि आमच्याकडे पोहोचल्याची तारीख धरतात.

बैठक कधी संपते?

रात्री दहाला. त्यापूर्वी शेवटची कॅसेट कोणत्या बाजूने ठेवली होती याची नोंद करून ती मालकाला परत केली जाते. ज्यांनी मागच्या मेमध्ये निळ्या कव्हरची नव्वद मिनिटांची कॅसेट 'ऐकून देतो' म्हणून नेली आहे, त्यांनी ती पहिल्या मजल्यावर, चपलांच्या फळीवर आणून ठेवावी. नाव विचारले जाणार नाही.